लेकीचे अठरा गुलाब

माझी मधली जाऊ फिलिपिन्सची आहे. हे सांगितलं की आमच्या वऱ्हाडातल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. तो लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, बसमध्ये विचारला जातो, आणि माझ्या सासऱ्यांच्या तेरवीलासुद्धा एका बाईने तो हातात लाडू धरून विचारला. "ते लोकं कुत्रं खातात म्हंतात, खरं हाय का वो?" तिच्या ओठांना बुंदीचं तूप लागलेलं होतं आणि डोळ्यांत अशी चमक होती, की उत्तर 'हो' आलं असतं तर तो लाडू तिला आणखी गोड लागला असता. मी उठून आत गेले. माणसांची किळस येते ती अशी, खाताखाता.

नवऱ्याच्या मोठ्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात. मला दोन भासरे. मोठ्यांचं अकोल्यात बी-बियाण्याचं आणि खतांचं दुकान आहे. मधले बरीच वर्षं आखातात एसी दुरुस्तीच्या कामावर होते. तिथल्याच एका दवाखान्यात ही नर्स होती. लग्न तिकडेच झालं, मुलगीही तिकडेच झाली. मुलगी शाळेत घालायच्या वयाची झाली तेव्हा तिघं अकोल्याला परतले आणि मोठ्या भासऱ्यांच्या घरी वरच्या मजल्यावर राहू लागले. मी सगळ्यांत धाकटी सून. मी आणि माझा नवरा नोकरीपायी अमरावतीला असतो.

या जावेला मी ताई म्हणते. अकोल्यात ती एका दवाखान्यात लागली. ती मराठी शिकली ती तिथल्या पेशंटांकडून आणि भाजीवाल्या बायांकडून, त्यामुळे आम्हा सगळ्यांपेक्षा अस्सल वऱ्हाडी बोलते. मी कॉलेजात शिकवते, माझं बोलणं जरा पुस्तकी, तर ती मला हसते. "काहून वो बाई, रेडिओवानी बोलून राह्यली?"

ताईच्या मुलीची बारावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात मी काही दिवस अकोल्याला गेले होते. एका सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही दोघी गच्चीवर कुरड्या घालत होतो. ती सोऱ्या फिरवत होती, मी धोतराच्या फडक्यावर जागा करून देत होते. पांढऱ्या वेटोळ्यांकडे बघत ती म्हणाली, "आमच्याकडं वाढदिवसाले अशाच लंब्या शेवया करतात. त्या तोडाच्या नाईत. जेवढी शेवई लंबी, तेवढं आयुष्य लंबं." आणि मग सोऱ्या तसाच हातात धरून तिने मला तिच्या स्वतःच्या अठराव्या वाढदिवसाची गोष्ट सांगितली.

"आमच्याकडं पोरीचा अठरावा वाढदिवस म्हंजे लय मोठी गोष्ट. लग्नाइतकी. पण लग्नावानी नाई बरं. त्यात पोरीले कोणाले द्याचं नसते. त्या दिवशी पोरगी कुठीच जात नाई, सगळे तिच्यापाशी येतात."

अठरा पुरुष येतात, ती सांगत होती. आजोबा, मामा, भाऊ, शाळेतले सर, शेजारी, मित्र. जे जे तिच्या आयुष्यात खरोखर आहेत ते. एकेक जण तिला गुलाब देतो आणि तिच्यासोबत थोडा वेळ नाचतो. मग अठरा बाया एकेक मेणबत्ती लावतात आणि तिच्याबद्दल दोन शब्द बोलतात. शेवटचा गुलाब बहुतेक बापाचा.

"आमच्या बेटावर गुलाब कोठचे? चार-पाच खरे होते, बाकी कागदाचे. बास्केटबॉलच्या मैदानावर पताका लावल्या. मावसबहिणीचा गाऊन घातला, तो मागून टाचण्या लावून आवळला. माहा बाप मासे पकडे. त्याच्यापाशी बूट नव्हते, चपलीवरच नाचला. अंगाले वास येऊ नाई म्हून लिंबू चोळून आल्ता. सगळा वेळ रडे, अन् मलेच म्हणे, तू काहून रडून राह्यली?"

ती हसली. मग सोऱ्या पुन्हा फिरवायला लागली आणि म्हणाली, "मले माह्या पोरीचं करा लागते. एवढं एकच मी तिकडलं मागून राह्यली. बाकी सगळं तुमचंच केलं मी."

ते खरं होतं. हरतालिका, महालक्ष्म्या, सासऱ्यांचं आजारपण, काही म्हणजे काही तिने सोडलं नव्हतं. घरातल्या घरात, याच गच्चीवर, जवळच्या माणसांपुरता कार्यक्रम करायचं ठरलं. अठरा नावं पुतणीने स्वतः काढली. तिचे वडील, माझा नवरा, दोन चुलतभाऊ, वर्गातली तीन-चार मुलं, केमिस्ट्रीचे सर. पहिलीपासून तिला शाळेत नेणारे ऑटोवाले काका. आणि जुन्या शहरातले शिंपी चाचा, ज्यांच्या दुकानात ती लहानपणी कापडाच्या चिंध्या गोळा करत बसायची. गाऊन तेच शिवणार होते.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून तालीम चालायची. ताई मोबाईलवर गाणं लावायची आणि टाळ्या वाजवत मोजायची, "एक दोन तीन, एक दोन तीन." ऑटोवाले काका खाकी शर्टातच यायचे. "पोरी, माह्या पायाले फक्त ब्रेक माईत हाय वो," म्हणायचे आणि पुतणी हसून हसून खाली बसायची. मी अमरावतीला परत निघाले तेव्हा तिला बऱ्यापैकी जमायला लागलं होतं. तोवर एकदा माझ्याही पायांवर तिचा पाय पडून गेला होता.

मोठ्या भासऱ्यांना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "पोरगी अठरा माणसाइच्या हातात हात देऊन नाचीन? आपल्या घरात? लोक शेण घालतीन तोंडात." हे सगळं त्यांनी मधल्या भावाला सांगितलं. जुन्या वळणाचे भासरे भावजयीशी थेट बोलत नाहीत. ती समोर उभी असली तरी ते भावालाच म्हणणार, 'तिले सांग.' आणि माझे मधले भासरे वळून आपल्या बायकोला तेच वाक्य पुन्हा सांगणार. जशी काय ती बहिरी आहे. हा खेळ मी इतकी वर्षं बघत आले आहे.

पण थोड्याच दिवसांत वारं फिरलं. महापालिकेच्या निवडणुकीची चर्चा सुरू होती, आणि मोठ्या भासऱ्यांना आपल्या वॉर्डातून तिकीट हवं होतं. कोणीतरी त्यांच्या कानात घातलं, की घरात एवढा वेगळा कार्यक्रम होतोय तर मोठा करा, वरच्या लोकांना बोलवायला निमित्त मिळेल. त्याच दिवशी ते दुकानातून हसत आले आणि भावाला म्हणाले, "तिले सांग, गच्चीवर काय गरिबावानी करता? मी लॉन बुक केलं हाय. खर्च माहा."

ताईने मला फोन केला. आवाजात आनंद होता. "बाई, दादा मानले बरं! लॉनवर करू म्हंतात." मला खटकलं, पण तिचा आवाज ऐकून मी काही बोलले नाही. पुढच्या वेळी मी अकोल्याला उतरले तेव्हा बसस्टँडच्या बाहेरच फ्लेक्स लागलेला दिसला. खाली कोपऱ्यात पुतणीचा फोटो, गोरी करून टाकलेली, गालांवरचे तीळ पुसलेले. वर तिच्या चौपट आकाराचे मोठे भासरे, हात जोडून. त्यांच्याही वर गोल चौकटींत पांढऱ्या कपड्यांतले पाच-सहा चेहरे, ज्यांना ती पोरगी आयुष्यात कधी भेटली नव्हती. 'आमची लाडकी कन्यारत्न हिला अठराव्या वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.' पानटपरीजवळ दोन पोरं त्या फोटोकडे बघून एकमेकांना कोपराने ढोसत होती. एकाने पचकन थुंकलं, ते नेमकं फ्लेक्सच्या बांबूवर.

घरी पोचले तर पुतणी खोलीत तोंड पाडून बसली होती. तिची अठरा नावं बदलली होती. ऑटोवाले काका गेले होते. केमिस्ट्रीचे सर गेले, वर्गातली मुलं गेली, चाचाही गेले. त्यांच्या जागी मान्यवर आले होते.

"मोठेबाबा, चाचा काहून नाई?" तिने जेवताना विचारलं. माझ्यासमोरची गोष्ट आहे ही.

"जेवाले बोलावलं ना त्याइले? नाचाचं काय काम? उगाच लोकाइले बोलाले जागा काहून द्याची?"

"मग हे लोकं? मी तर वळखतही नाई त्यांना."

"वळखीसाठीच त कार्यक्रम असते बेटा," मोठे भासरे म्हणाले आणि भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून तोंडात टाकला. मधले भासरे ताटात बघत होते. मी वाट पाहिली, की बाप आता काहीतरी बोलेल. त्यांनी कांदा फोडला.

ताई स्वयंपाकघरात मला म्हणाली, "जाऊ दे बाई. शेवटचा गुलाब त बापाचाच हाय ना? तेवढं झालं म्हंजे झालं."

वाढदिवस मे महिन्यातला. अकोल्याचा मे काय असतो ते अकोल्यात राहिल्याशिवाय कळत नाही. सूर्य मावळला तरी जमीन तव्यासारखी तापलेली असते. चाचांनी सकाळीच गाऊन आणून दिला, फिकट निळा, हाताने मणी लावलेला. "बेटी, खूब जचेगा तुझपे," एवढं म्हणाले आणि दारातूनच परत गेले. जेवायला म्हणून संध्याकाळी ते आले नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर मीही आले नसते.

लॉनवर मोठमोठे कूलर लावलेले होते. ते गार हवेऐवजी ओलसर, कुबट वाफ फेकत होते. हिरव्या गालिच्यावर पाणी सांडून तो पायाखाली पचपचत होता. गुलाब दुपारपासून प्लास्टिकच्या बादलीत उभे करून ठेवले होते, त्यांच्या कडा काळ्या पडायला लागल्या होत्या आणि बादलीतल्या पाण्याला वास येत होता. एका बाजूला पनीर आणि जळक्या तेलाचा वास, दुसऱ्या बाजूला अत्तर आणि खर्ऱ्याचा. विदर्भाबाहेरच्यांना खर्रा माहीत नसेल. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पिशवीत घोटून करतात आणि आमचे अर्धे पुरुष दिवसभर तो गालात धरून असतात. बोलायची वेळ आली की मान वर करून, ओठ मिटून, घशातून बोलतात.

कार्यक्रम सुरू झाला तो सत्काराने. वाढदिवस पोरीचा आणि सत्कार पुढाऱ्यांचे. शाल, नारळ, शाल, नारळ. मग भाषणं. त्यात इतका वेळ गेला, की अँकरने परस्पर जाहीर केलं, मेणबत्त्यांचा कार्यक्रम वेळेअभावी होणार नाही. अठरा बायांमध्ये मी होते. काय बोलायचं ते मी ठरवून आले होते. ताईच्या दवाखान्यातल्या दोन नर्स होत्या, पुतणीच्या मैत्रिणी होत्या, त्यांनी घरून रंगीत मेणबत्त्या आणल्या होत्या. त्या तशाच पर्समध्ये राहिल्या आणि उकाड्याने वाकड्या झाल्या. बायांचं बोलणं कापलं, पुरुषांचं नाचणं ठेवलं. यातच सगळं आलं.

पहिले तीन गुलाब घरचे होते. चुलतभाऊ नाचले, माझा नवरा नाचला. पुतणी हसत होती, पावलं बरोबर टाकत होती. ताई स्टेजच्या कोपऱ्यात टोपली घेऊन उभी होती. एक नाच झाला की लेक तिच्याकडे गुलाब द्यायची आणि ती तो टोपलीत ठेवायची. तिने त्या दिवशी पैठणी नेसली होती. ती मला इतकी सुंदर कधी दिसली नव्हती.

मग मान्यवर सुरू झाले.

पहिले आले ते पांढऱ्या कपड्यांतले एक पोक्त गृहस्थ. गालात खर्रा. नाचले नाहीत, एका हाताने गुलाब दिला आणि दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवून फोटोग्राफरकडे बघत उभे राहिले. गाऊनची पाठ वरून उघडी होती. तो हात तिथून हलेना. फोटो झाला, दुसरा झाला, त्यांच्या सोबतचे आले, त्यांच्यासोबत झाला, हात तिथेच. दुसरे आले ते हात हातात घेऊन अंगठ्याने तिचा तळवा चोळत राहिले. मी पहिल्या रांगेत होते, मला दिसत होतं. तिसऱ्याने तिच्या खांद्याशी तोंड नेऊन काहीतरी विनोद केला आणि स्वतःच हसला, तेव्हा त्याच्या तोंडातून तांबूस थेंब उडून तिच्या बाहीच्या मण्यांवर बसला. प्रत्येक नाचानंतर ती हात गाऊनला पुसत होती. प्रत्येक वेळी त्याच जागी. फिकट निळ्या कापडावर तिथे हळूहळू डाग दिसायला लागला.

आणि खाली टाळ्या पडत होत्या. माझ्या मागच्या रांगेतल्या बाया बोलत होत्या. "आई तिकडली ना, त्याइच्यात चालते म्हणे असं." "आपली पोट्टी असती त मी पाय मोडले असते." हे म्हणत त्या मोबाईलवर शूटिंग करत होत्या.

एवढ्यात मोठी जाऊ माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या मांडीवर चापट मारून म्हणाली, "तो निळ्या सुटातला पोरगा पाहून घे. अकोटचे हायेत, कापसाची जिनिंग हाय त्याइची. त्याच्या बापाचाही गुलाब हाय अन् पोराचाही. सांगू नको कोणाले. पाहणं होऊन जाते, पोरीलेही टेन्शन नाई."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. बारावी झालेल्या पोरीचं हे पाहणं चाललं होतं. सगळ्या अकोल्यासमोर, तिला न सांगता, तिच्या आईला न सांगता, तिच्याच आईच्या रिवाजात गुंडाळून.

"तिच्या बापाला माहीत आहे?" मी विचारलं.

"त्यांनीच त होकार देल्ला," जाऊ म्हणाली.

मी उठले आणि गर्दीतून वाट काढत स्टेजच्या कोपऱ्यात गेले. ताईला कानात सांगितलं. गाण्याच्या आवाजात तिला दोनदा सांगावं लागलं. "कोण? निळा?" एवढंच तिने विचारलं. मग स्टेजकडे पाहिलं. त्या क्षणी तिथे त्या मुलाचा बाप होता. त्याचा गुलाब देऊन झाला होता. त्याने पुतणीचं बोट वर धरलं होतं आणि तिला गोल फिरवत होता. "फिर बेटा, फिर. अजून एकदा फिर." ती फिरत होती. तो मान तिरकी करून खालून वर, वरून खाली बघत होता. आमच्याकडे बैलबाजारात गोऱ्हा घेताना असंच बघतात. स्टेजच्या कडेलाच बसलेल्या त्याच्या बायकोने शेजारणीला गाण्यावर आवाज चढवून सांगितलेलं मी स्वतः ऐकलं: "रंग बरा हाय. नाक तेवढं आईवर गेलं."

ताईने टोपली खाली ठेवली. ती स्टेजवर गेली, लेकीचं दुसरं मनगट धरलं आणि तिला सोडवून घेतलं. दोघी स्टेजच्या मागच्या पायऱ्या उतरल्या. गाणं सुरूच होतं. त्या मुलाच्या बापाचं बोट अजून वरच होतं.

लॉनच्या मागे एक खोली होती, दारावर 'वधूपक्ष' असं लिहिलेलं. मी त्यांच्या मागोमाग आत गेले आणि ताईने कडी लावली. पुतणी थेट बेसिनकडे गेली. साबणाने हात धुतले, मग दंड धुतले, मग पुन्हा हात. पाठीपर्यंत हात पोचत नव्हता. "मम्मी, पाठ," ती म्हणाली. ताईने टॉवेल ओला करून तिची पाठ पुसली, जोरजोरात, जसं दवाखान्यात जखमेच्या आजूबाजूचं पुसत असेल. मग पोरगी वाकली आणि बेसिनमध्ये उलटी केली.

दार वाजलं. बाहेर मोठे भासरे होते, सोबत त्यांचा भाऊ.

"तिले सांग, लोक उभे हायेत. नाक कापून राह्यली खानदानाचं."

मधल्या भासऱ्यांचा आवाज आला, "अवो, लोक उभे हायेत."

"जेवाले वाढा त्याइले," ताई आतून म्हणाली. "जेवालेच आले ना?"

"तिले सांग, दोन मिनटाचं काम हाय. तो पोरगा अन् मग तू. संपलं."

आणि मग तो आवाज, जो मी अजून विसरलेले नाही. पोरीच्या बापाचा आवाज, मऊ, समजूत घालणारा. "दोनच राह्यले वो. घे उरकून."

पुतणीने बेसिनवरून मान वर केली. तिने नळ बंद केला आणि दाराकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. नुसती बघत होती, जसं वर्गात फळ्यावरचं न कळलेलं काहीतरी बघावं. ताईने तिच्या केसांतल्या पिना काढायला सुरुवात केली.

"ताई, दार उघडायचं नाही," मी म्हटलं.

"उघडून कोण राह्यलं?" ती म्हणाली.

बाहेर थोडा वेळ कुजबुज झाली. मग अँकरने जाहीर केलं, की उकाड्यामुळे कन्येला चक्कर आली आहे, सर्वांनी भोजनाचा आस्वाद घ्यावा. लोकांनी घेतला. खुर्च्या सरकल्याचा, प्लेटांचा, हसण्याचा आवाज आम्हाला आत ऐकू येत होता. खिडकीतून दिसलं, मधले भासरे हातात गुलाब घेऊन कूलरजवळ उभे होते. थोड्या वेळाने कोणीतरी त्यांच्या हातात प्लेट दिली, तेव्हा त्यांनी गुलाब खुर्चीवर ठेवला आणि जेवायला लागले.

माझ्या नवऱ्याने गाडी मागच्या फाटकाशी आणली. आम्ही चौघं सरळ अमरावतीला आलो. मूर्तिजापूरला ऑम्लेटच्या गाडीवर थांबून पुतणीने गाऊनमध्येच दोन ऑम्लेट खाल्ली. दिवसभर तिने काही खाल्लं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या भासऱ्यांचा फोन आला, माझ्या नवऱ्याला. मला वाटलं, आता शिव्या येणार. पण आवाज खुशीत होता. अकोटकरांना मुलगी पसंत होती. "एकच अट हाय त्याइची. आईनं लग्नात पुढं पुढं करू नाई. फोटोत नसली तरी चालीन म्हंतात. मी म्हटलं, होऊन जाईन." फोन स्पीकरवर होता. ताई तिथेच पोळ्या लाटत होती.

तिने लाटणं ठेवलं नाही. पोळी तव्यावर टाकून मग म्हणाली, "त्याइले सांगा भाऊ, आमाले पोरगा पसंत नाई." आमच्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती भासऱ्यांशी तिसऱ्याच्या तोंडून बोलली. आजवर तेच तिच्याशी तसं बोलत आले होते.

मधले भासरे दोन दिवसांनी आले. येताना त्यांनी गाऊनचा रिकामा डबा आणि राहिलेले कपडे आणले. ताईने विचारलं, "तुमाले माईत होतं?" ते म्हणाले, "दादा म्हणे, नुसतं पाहणं हाय. पाहून काय झिजते?" त्यांनी हे अगदी साधेपणाने म्हटलं. हे गृहस्थ वाईट नाहीत. दारू पीत नाहीत, बायकोवर कधी हात उचलला नाही, लेकीच्या तापात रात्ररात्र बसलेले मी पाहिले आहेत. तरीही त्या क्षणी त्यांच्याकडे बघताना जी शिसारी आली, ती त्या खर्ऱ्याच्या थेंबाकडे बघूनही आली नव्हती.

पुतणीने अमरावतीतच कॉलेजला प्रवेश घेतला. ती आमच्याकडे राहते. ताईने काही महिने अकोल्याहून येणं-जाणं केलं, मग इथल्याच एका दवाखान्यात नोकरी धरली आणि आमच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. भांडण नाही, कागद नाहीत, विचारलं तर सांगते, "ड्युटी इकडं हाय." मोठ्या भासऱ्यांना तिकीट मिळालं आणि ते निवडूनही आले. विजयाच्या मिरवणुकीचं आमंत्रण आम्हालाही होतं. आम्ही गेलो नाही. सोयाबीन निघालं त्या दिवसांत मी बसने अकोल्याला जात होते, तेव्हा रस्त्याकडेच्या एका शेतात गंजीवर झाकायला तोच फ्लेक्स टाकलेला दिसला. पुतणीचा चेहरा खाली चिखलाकडे होता आणि हात जोडलेले मोठे भासरे आभाळाकडे बघत होते. मी तिला हे सांगितलेलं नाही.

मधले भासरे दर रविवारी येतात. जिन्यावर चपला काढतात, लेकीसाठी काहीतरी आणलेलं असतं. ती त्यांना चहा करून देते, अभ्यासाचं सांगते, कधीकधी हसतेही. ताई ताट वाढते. मी मात्र त्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. माझा नवरा म्हणतो, झालं आता, किती दिवस? मला खरंच माहीत नाही किती दिवस.

गेल्या रविवारी ते गेल्यावर पुतणी माझ्याजवळ येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. "काकू, तुम्ही पप्पांशी काहून बोलत नाही?" तिने विचारलं. मी मेथी निवडत होते. "बोलेन," मी म्हटलं. तिने माझ्यासमोरची अर्धी जुडी स्वतःकडे ओढली आणि निवडायला बसली.